‘सौ.’ लावू की ‘श्रीमती’?

लग्नपत्रिकेचं प्रूफ व्हॉट्सॲपवर गेलं की उत्तर यायला अर्धा दिवस तरी लागतो. घरातले सगळे आळीपाळीने वाचतात आणि मग फोन येतो. मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, जेवणाची वेळ यांत फारसं काही निघत नाही. दुरुस्त्या असतात त्या बायकांच्या नावांत. त्यातही नावात कमी आणि नावाच्या आधी जास्त. ‘आत्याला श्रीमती कशाला टाकलंत? काका आहेत की अजून!’ ‘आजीला चुकून सौ. राहिलंय, ते काढा आधी, लोक काय म्हणतील.’ ‘मावशीला काय लावायचं ते संध्याकाळी सांगतो, आईला विचारून.’ मावशीचं मावशीलाच विचारतो, असं म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो.

छापखाना सासऱ्यांनी काढला तेव्हा ट्रेडल हे जुनं छपाईयंत्र होतं आणि अक्षरांचा एकेक खिळा हाताने जुळवावा लागे. आता ट्रेडल कोपऱ्यात धूळ खात पडलंय, कंपोझ मी संगणकावर करते आणि ऑफसेटचं काम बाहेरून करून आणतो. तंत्र पार बदललं, मजकूर मात्र जवळजवळ तोच राहिला. वर ‘श्री गणेशाय नमः’, खाली कुलस्वामिनी प्रसन्न, मग वधूवर, मग ‘यांची नात’, ‘यांची ज्येष्ठ कन्या’, आणि तळाशी निमंत्रकांची गर्दी. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिमुकली पिल्लावळ वेगळीच. या सगळ्या नावांच्या आधी काय येतं ते बघायची मला सवय लागलीय. दुसऱ्यांच्या घरी पत्रिका आली तरी आधी तेच बघते.

पुरुषांचं सोपं असतं. लग्नाच्या आधी ‘चि.’, पुढे ‘श्री.’, गेल्यावर ‘कै.’. वारकरी असले तर ‘ह. भ. प.’, डॉक्टर असले तर ‘डॉ.’. लग्न झालंय का, बायको हयात आहे का, घटस्फोट झालाय का, यातलं काहीही ‘श्री.’मधून कळत नाही. पन्नाशीचा ब्रह्मचारी आणि दोनदा लग्न केलेला गृहस्थ पत्रिकेत शेजारी शेजारी उभे राहतात आणि दोघेही नुसते श्री. असतात.

बायकांच्या नावाआधी मात्र अख्खा जीवनवृत्तांत असतो. ‘कु.’ म्हणजे लग्न व्हायचंय. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे आता होतंय. (‘सौभाग्यकांक्षिणी’ असल्यामुळे तिथे ‘कां’वर अनुस्वार हवा. निम्म्या पत्रिकांत ‘चि. सौ. का.’ छापलेलं असतं, आणि मी अनुस्वार दिला की मुलाकडचे तो खोडून पाठवतात. हे आपलं माझं जुनं दुखणं.) ‘सौ.’ म्हणजे नवरा आहे. ‘श्रीमती’ किंवा ‘गं. भा.’ म्हणजे नाही. माणूस अनोळखी असला तरी नावाच्या आधीची दोन अक्षरं वाचून त्या घरात कोण गेलंय ते मला कळतं.

सगळ्यात जास्त भांडणं ‘श्रीमती’वरून होतात. शब्द बघितला तर ‘श्रीमान’चं स्त्रीलिंगी रूप, बस्स. त्यात नवरा कुठेच नाही. हिंदीत ते लग्न झालेल्या बाईला लावतात. आपल्या सरकारी कचेऱ्यांत कोणत्याही बाईला लावतात, आणि ते मला पटतं. पण मराठी घरात ‘श्रीमती’ वाचलं की विधवा, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. नव्याने नोकरीला लागलेल्या एका मुलीचं नियुक्तीपत्र घरी आलं, त्यावर ‘श्रीमती’ होतं. सासूबाईंनी ते पत्र देवापुढे ठेवायला घेतलं, नाव वाचलं आणि तसंच टेबलावर ठेवून दिलं. ती मुलगी पुढे व्हिजिटिंग कार्ड करायला आमच्याकडे आली तेव्हा हसत हसत हे सांगत होती. कार्डावर काय घालू म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘काहीच नको. नाव आणि हुद्दा.’ हिंदीवाल्यांनी यावर ‘सुश्री’चा तोडगा काढलाय. मराठीत तो शब्द बातम्यांपुढे फारसा सरकला नाही. मी एकदा एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत सुचवला होता, तर मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, ‘अहो, मी काय पुढारी आहे?’

आणि मग ‘कै. सौ.’.

हे दोन शब्द एकत्र येतात तेव्हा मला दरवेळी थांबावंसं वाटतं. बाई गेली, पण नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून मेल्यावरही ती सौ. आहे. अहेव गेली. हिरवी साडी, मळवट, भरलेली ओटी, असं तिला नेलं. बायका पाया पडल्या. आणि नंतर शाळेच्या खोलीवर, पाणपोईवर, दवाखान्यातल्या बाकावर देणगीदारांची जी संगमरवरी पाटी बसते तिच्यावर ‘कै. सौ.’ कायमचं कोरलं जातं. पुढे नवरा गेला, त्याच्या नावालाही ‘कै.’ लागलं, तरी तिचं ‘सौ.’ तसंच राहतं. जिवंत बाईचं ‘सौ.’ एका दिवसात काढून घेतात आणि मेलेल्या बाईचं कोणालाच काढता येत नाही. वर्षश्राद्धाचं कार्ड करायला एक गृहस्थ आले होते. आईच्या नावाआधी ‘कै. सौ.’ हवं म्हणाले. वडील आधी गेले होते, की मागाहून, असं मी विचारलं, कारण विचारावंच लागतं. म्हणाले, ‘वडील सहा दिवस आधी गेले, पण आईला शुद्ध नव्हती, तिला कळलंच नाही. मग ती सौ.च गेली ना?’ मी काही बोलले नाही. जसं हवं होतं तसं छापून दिलं.

‘गं. भा.’ आता पत्रिकेत कमी दिसतं. गंगा भागीरथी. जुन्या पत्रांत वडीलधाऱ्या विधवेला ‘गंगा भागीरथी समान’ असं लिहायची पद्धत होती. गंगेइतकी पवित्र, असा मान. मान खराच असेल, पण ज्या बाईला तो मिळे तिला हळदीकुंकवाला बोलावत नसत, आणि लग्नात अक्षता टाकायलाही तिने मागे उभं राहायचं असे. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ शब्दाऐवजी ‘गं. भा.’ वापरण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा इतका गदारोळ उठला यात नवल नव्हतं. निर्णय झालेला नाही, असा खुलासा नंतर आला. मला त्यातली गंमत ही वाटली की चर्चा फक्त शब्द कोणता यावर चालली होती. नवरा नाही हे नावाच्या आधी सांगायचंच कशाला, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला होता, आणि सरकारने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला होता. बांगडी फोडायची नाही हे कोल्हापूरकडच्या एका गावाला कळलं. छापखान्यात ‘सौ.’ खोडण्याचं काम चालूच आहे.

घटस्फोट झालेल्या बाईला काय लावायचं याला तर आमच्या धंद्यात उत्तरच नाही. मुलीच्या पत्रिकेत आईचं नाव घालायचं असतं. ‘सौ.’ म्हटलं तर मुलीचे वडील दुसऱ्या गावी दुसऱ्या संसारात आहेत, ‘श्रीमती’ म्हटलं तर ते हयात आहेत, ‘कु.’ तर शक्यच नाही. अशा पत्रिकेत हळूच आजोबांना पुढे करतात आणि आईला खाली ‘निमंत्रक’मध्ये, काकू-मामींच्या रांगेत, घालतात. तिथेही तिच्या नावाआधी काहीतरी लागतंच, कारण बाकी सगळ्यांना लागलेलं असतं, आणि एकटीलाच नसलं तर ते जास्त दिसतं. साठीच्या अविवाहित आत्यांना ‘कु.’ लावतात, तेही तसंच. निवृत्त झालेली, घर बांधलेली, भाचरांची शिक्षणं केलेली बाई, आणि नावाआधी कुमारी!

हे सगळं बघून मला हल्ली वाटतं की आपल्याकडे एक चांगला शब्द होता आणि तो आपण टाकून दिला. ‘बाई’.

नावाच्या मागे लागणारी ‘बाई’ म्हणतेय मी. तिला नवऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मुक्ताबाईचं लग्न झालं नव्हतं, जनाबाईचंही नाही. सोयराबाई चोखोबांची बायको. अहिल्याबाईंचे पती खंडेराव कुंभेरच्या वेढ्यात १७५४ साली गेले, आणि त्या पुढे १७९५पर्यंत जगल्या, त्यातली अठ्ठावीस वर्षं राज्य चालवत. लक्ष्मीबाई झाशीच्या राणी म्हणून लढल्या त्या गंगाधररावांच्या मागे. सावित्रीबाई जोतीरावांच्या हयातीतही सावित्रीबाई आणि १८९०नंतरही सावित्रीबाईच. नाव एका काडीने हललं नाही. विसाव्या शतकात या. दुर्गा भागवतांनी लग्न केलं नाही, आणि उभा महाराष्ट्र त्यांना दुर्गाबाई म्हणायचा. आणीबाणीत, १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या जे बोलल्या ते बोलायला तेव्हा छाती लागत होती. त्यांना ‘कु. दुर्गा’ म्हणून बघा बरं! अविवाहित, सवाष्ण, विधवा, संत, राणी, मास्तरीण, लेखिका, सगळ्यांना एकच शब्द पुरत होता आणि त्यात आदर होता. इंग्रजीत ‘मिस’ आणि ‘मिसेस’ यांच्या मधला ‘मिझ’ रुळायला किती वर्षं गेली. न्यूयॉर्क टाइम्सने तो १९८६ साली स्वीकारला. पश्चिम जर्मनीने सरकारी कागदांतून अविवाहितेचं ‘फ्रॉयलाइन’ १९७२मध्ये काढलं, फ्रान्सने तसंच ‘मादमुआझेल’ २०१२मध्ये. त्यांना शोधावं लागलं किंवा काढावं लागलं. आपल्याकडे ते घरात पडलेलं होतं.

मग गेलं कुठे? माझ्या मते ‘बाई’ला दोन बाजूंनी धक्के बसले. एक गाण्याच्या बाजूने. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल. पुरुषांत भास्करबुवा, रामकृष्णबुवा, तशा बायकांत या बाई. बुवा आणि बाई, बरोबरीचा मान. पण गाणाऱ्या बाईकडे बघायची समाजाची नजर स्वच्छ नव्हती, आणि ‘बाई’ म्हटलं की कोठी, मैफल, बैठक असं काहीबाही लोकांच्या मनात येई. उत्तरेत तर ते जास्तच. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ साली लग्न झाल्यावर बेगम अख्तर झाल्या. आपल्याकडे मोगूबाईंच्या पोटी जन्मलेल्या किशोरी आमोणकर किशोरीताई झाल्या. एका पिढीत, एकाच घरात बाईची ताई. आता तर कार्यक्रमाच्या पत्रिकेत सरसकट ‘विदुषी’ लावतात, पुरुषांच्या ‘पंडित’ला जोड म्हणून. गंगूबाई मात्र २००९मध्ये जाईपर्यंत गंगूबाईच राहिल्या. आणि केसरबाईंच्या आवाजातलं ‘जात कहां हो’ १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेलं, ते अजून चाललेलंच आहे.

दुसरा धक्का स्वयंपाकघरातून. भांड्याची बाई, पोळ्यांची बाई, ‘आमची बाई आज आली नाही’. यात नाव नसतंच, नुसती बाई. ज्या शब्दाने राणीला हाक मारली तोच कामवालीला लावला याचं मला दुःख नाही, उलट बरं वाटायला हवं. पण झालं उलटं. तिच्या कामाला आपण हलकं मानलं आणि मग तो शब्दही हलका झाला. मग शाळेतल्या ‘बाई’ ‘मॅडम’ झाल्या. मराठी शाळेत ‘बाई, याने माझी पेन्सिल घेतली’ असं अजून कुठे कुठे ऐकू येतं, ते ऐकून मला फार बरं वाटतं. अहिल्याबाईंचं अहिल्यादेवी झालं. सोलापूरच्या विद्यापीठाच्या नावात ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी’ आहे. अहमदनगर जिल्ह्याच्या नव्या नावात तर बाई नाही आणि देवीही नाही, नुसतं अहिल्यानगर. देवी केलं म्हणजे मान वाढला असं लोकांना मनापासून वाटतं. मला ते पटत नाही. बाई राज्य चालवते, देवीचं आपण देऊळ बांधतो.

या शब्दात दम किती होता याचा अखेरचा मोठा पुरावा १९७७चा. मुंबईत पाण्यासाठी हंडे-कळशा घेऊन मोर्चे काढणाऱ्या मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या जात. त्या लोकसभेवर निवडून गेल्या, इंदिरा गांधी हरल्या, आणि घोषणा फिरली, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ दोन्हीकडे बाई! जवळचे मात्र त्यांना मृणालताईच म्हणत, म्हणजे तेव्हाही ताईकडे कल होताच.

आता सगळीकडे ताई. फ्लेक्सचं कामही आमच्याकडे येतं, त्यामुळे सांगते. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्यापासून बॅनरवर बायकांची नावं वाढली. त्यात ‘ताई’ हवीच, पण ‘सौ.’ही हवंच असतं: ‘लाडक्या नगरसेविका सौ. अमुकताई’. पाठीमागे नवऱ्याचा फोटो, बऱ्याचदा तिच्यापेक्षा मोठा. मजकूर घेऊन येतो तो नवरा किंवा दीर. एकदा मात्र एक सरपंचबाई स्वतः आल्या. नाव सांगितलं, मी टाइप केलं, आणि सवयीने थांबून विचारलं, आधी काय लावू? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, ‘सरपंच लावा की. निवडून आलेय.’ त्यांच्यासोबत आलेल्या दिरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

ताई वाईट नाही. पण ती नात्यातली आहे, कोणाची तरी बहीण. वहिनी तर सरळ कोणाची तरी बायको. काकू, मावशी, सगळ्या नात्यातल्या. ‘बाई’ कोणाचीच कोणी नव्हती.

‘बाई’ परत आणा म्हणून मी कोणाच्या मागे लागत नाही. लागले तरी पत्रिकेत ‘प्राजक्ताबाई’ छापून घेणारी मुलगी मला मिळणार नाही, माझी स्वतःची मुलगीही नाही. मी एवढंच करते की नावांची यादी घेतानाच सांगते, नुसती नावं दिली तर चालतील, पुरुषांचीही. डिझाइनला मोकळीक मिळते, ओळी सारख्या बसतात, खर्च तोच. हे शेवटचं ऐकून बरेच जण तयार होतात. तरुण जोडपी तर लगेच. एक अडचण येते ती अशी की घरातले ज्येष्ठ ‘श्री.’ काढायला हरकत घेत नाहीत, पण ‘सौ.’ काढलं की म्हणतात, ‘अशुभ दिसतं हो.’ अशा वेळी त्या ‘सौ.’नाच फोन द्यायला सांगते. त्या काय म्हणतात याचा नेम नसतो. कोणी म्हणतं, चाळीस वर्षं लावतेय, राहू दे. कोणी म्हणतं, काढा, मला माझं नाव कधी नुसतं छापलेलं दिसलंच नाही. एकीने ‘बी. ए.’ लावायला सांगितलं होतं, नावाच्या पुढे. लावलं.

१ मे २०२४नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम आलाय. आईचं तिथे नुसतं नाव आहे, आधी काही नाही. त्या मुलांच्या पत्रिका छापायला मी दुकानात नसेन बहुधा.

यंदाच्या पत्रिका द्यायच्या असतील तर तुळशीच्या लग्नाच्या आधी या, आणि येताना घरातल्या प्रत्येक बाईला विचारून या. नंतर प्रूफात बदल केले की वेगळे पैसे पडतात.